रेकॉर्डिंगचा सेट-टॉप बॉक्स आणि आपली टीव्ही बघायची सवय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात रेकॉर्डिंग होणारा बॉक्स आला की पहिल्या आठवड्यात बटणांचे प्रश्न येतात आणि दोन-तीन महिन्यांनी माणसांचे. सासूबाईंना जमत नाही, मुलगा भाग पुसून टाकतो, यादी वाढतच जाते, मॅचचा निकाल आधीच कळतो. वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रेकॉर्डिंगच्या बॉक्समध्ये साध्या सेट-टॉप बॉक्सपेक्षा वेगळं काय असतं?

साधा बॉक्स छत्रीकडून किंवा केबलमधून आलेला सिग्नल उलगडून टीव्हीला देतो. रेकॉर्डिंगचा बॉक्स तेच करतो, शिवाय तो सिग्नल आतल्या हार्ड डिस्कवर किंवा मागे लावलेल्या यूएसबी ड्राइव्हवर लिहून ठेवतो. सिग्नल मुळातच डिजिटल असल्यामुळे रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. कॅसेटवर उतरवताना चित्र फिकट पडायचं, तसं इथे होत नाही.

अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रं १९९९ मध्ये आली, ब्रिटनमध्ये स्काय प्लस २००१ मध्ये आणि आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ मध्ये. व्हीसीआर त्याच्या कितीतरी आधीपासून होता, पण त्यावर कार्यक्रम टिपणं म्हणजे एक कामच असायचं: रिकामी कॅसेट शोधा, ती गुंडाळून सुरुवातीला आणा, घड्याळ लावा आणि कोणी चॅनल बदलणार नाही ना हे बघा. बॉक्समध्ये कार्यक्रमांची यादी समोर असते. नावावर जाऊन एकदा बटण दाबलं की तो भाग रेकॉर्ड होतो आणि दुसऱ्यांदा दाबलं की पूर्ण मालिका. सवय बदलते ती या दुसऱ्या दाबण्याने, कारण तिथून पुढे आठवण ठेवण्याचं काम बॉक्सकडे जातं.

२. आता सगळं ओटीटीवर मिळतं. मग रेकॉर्ड करायचंच कशाला?

तुम्ही फक्त दोन-तीन मराठी मालिका बघत असाल आणि घरी चांगलं वायफाय असेल, तर रेकॉर्डिंगच्या बॉक्ससाठी वेगळे पैसे घालू नका. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या मालिका त्यांच्या ॲपवर असतात. काही ॲप तर पैसे भरणाऱ्यांना टीव्हीवर येण्याच्या आधीच भाग दाखवतात.

रेकॉर्डिंगचा उपयोग होतो तो इतर गोष्टींसाठी. बातम्यांच्या वाहिनीवरची एखादी चर्चा, सह्याद्रीवरची जुन्या नाटकाची किंवा गाण्याच्या मैफलीची फीत, रविवारी दुपारी लागलेला जुना मराठी सिनेमा. यातलं बरंचसं ॲपवर येत नाही, आणि आलं तरी हक्काचा करार संपला की एके दिवशी गायब होतं. शिवाय नेट जिथे अडखळतं अशी गावं अजून खूप आहेत, आणि ज्यांना मोबाइलवरून टीव्हीवर काही लावणं जमत नाही पण रिमोट पाठ आहे अशी वडीलधारी माणसं जवळपास प्रत्येक घरात आहेत. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग आजही सोपं पडतं (प्रश्न ९).

३. एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड होते का?

बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, किती आहेत त्यावर ते ठरतं. दोन ट्यूनर असतील तर एक बघा, दुसरी रेकॉर्ड करा. एकच असेल तर जी वाहिनी रेकॉर्ड होतेय तीच बघावी लागते, किंवा आधी रेकॉर्ड केलेलं काही लावता येतं. घेण्याआधी दुकानदाराला हाच प्रश्न सरळ विचारा, कारण ‘रेकॉर्डिंग होतं’ एवढं सांगून बहुतेक जण पुढे बोलत नाहीत.

दोन ट्यूनरच्या डीटीएच बॉक्सला साधारणपणे छत्रीपासून दोन वायरी आणाव्या लागतात. जुन्या इमारतीत गच्चीवरून एकच वायर खाली आलेली असते आणि बसवणारा तेवढ्यावरच काम उरकून जातो. मग आठवडाभराने ‘एक बघताना दुसरं होत नाही’ अशी तक्रार येते. वायर मोजून घ्या.

४. किती तास मावतात? पेन ड्राइव्ह लावला तर चालेल का?

ढोबळ हिशेब असा: साध्या वाहिनीचा एक तास म्हणजे साधारण एक जीबी, एचडी वाहिनीचा एक तास म्हणजे तीन जीबीच्या आसपास. ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे दीडशेहून थोडे जास्त तास बसतात. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर जेमतेम दहा.

पेन ड्राइव्ह चालतो, पण रोज तासन् तास लिहीत राहण्यासाठी तो बनवलेला नसतो. तो तापतो, अडखळतो आणि काही महिन्यांत रेकॉर्डिंग मध्येच तुटायला लागतं. यूएसबीची छोटी हार्ड डिस्क घ्या. आणि एक फार महत्त्वाचं: बरेच बॉक्स ड्राइव्ह लावल्यावर तो आधी फॉरमॅट करतात, म्हणजे त्यावरचं सगळं जातं. मुंजीचे, लग्नाचे फोटो असलेली डिस्क ‘जरा लावून बघू’ म्हणून कधीही लावू नका.

५. मालिकेची शेवटची दोन मिनिटं नेहमी कापली जातात. काय करावं?

बॉक्स कार्यक्रमाच्या यादीतल्या वेळेवर चालतो, आणि वाहिनी तिच्या स्वतःच्या वेळेवर. आधीचा कार्यक्रम लांबला की पुढचं सगळं सरकतं. सेटिंगमध्ये सुरुवातीला आणि शेवटी जादा मिनिटं ठेवायची सोय असते, तिथे शेवटी पाच मिनिटं ठेवा. तशी सोय नसेल तर पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावा, नंतर पुसून टाका.

महाएपिसोडच्या दिवशी वेगळीच गंमत होते. यादीत त्याचं नाव कधी कधी वेगळं टाकलेलं असतं, त्यामुळे ‘पूर्ण मालिका’ लावलेली असूनही बॉक्सला तो ओळखू येत नाही. ज्या रविवारी मालिकेत लग्न, कोर्ट किंवा कोणाचं तरी गुपित उघड होणार असेल, त्या दिवशी सकाळीच यादी बघून तो भाग हाताने लावा. राहिलाच तर रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण असतं, ते पकडा.

६. पावसात रेकॉर्डिंग खराब होतं, लाइट गेली की बंद पडतं. बॉक्समध्ये दोष आहे का?

दोष नाही. आपल्याकडचं डीटीएच केयू बँड नावाच्या लहरींवर चालतं आणि त्या लहरींना मुसळधार पाऊस अडवतो. बघताना जे चित्र चौकोन चौकोन होऊन थबकतं, तेच तसंच्या तसं रेकॉर्ड होतं. पावसाळ्याआधी छत्रीची दिशा आणि तिचे नट-बोल्ट तपासून घ्या, म्हणजे मध्यम पावसात तरी निभावतं. जुलैत कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी रात्रीच्या भागाबरोबर सकाळचं पुनःप्रक्षेपणही लावून ठेवावं. दोन्ही वेळेला तेवढाच पाऊस असेल असं सहसा होत नाही.

लाइट गेली तर तेवढा तुकडा जातोच. भारनियमनाच्या भागात टीव्ही इन्व्हर्टरवर नसला तरी बॉक्स तेवढा इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज फारच थोडी लागते. आणि रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली चांगली सवय इथे आड येते: बॉक्स रिमोटने बंद केलेला असावा, भिंतीवरून नाही.

७. रेकॉर्डिंग आल्यावर माणूस टीव्ही जास्त बघतो की कमी?

हा प्रश्न आई-वडील मुलांसाठी विचारतात आणि मुलं आई-वडिलांसाठी.

एक प्रकारचं बघणं नक्की कमी होतं: काही विशेष नाही म्हणून रिमोट हातात घेऊन चॅनल फिरवत बसणं. यादीत आपलं काहीतरी असलं की माणूस ते लावतो, बघतो आणि उठतो. याच कारणासाठी मला हे यंत्र आवडतं.

पण दुसऱ्या बाजूने एक गोष्ट वाढते. रोजची मालिका मुळातच अशी लिहिलेली असते की मधले दोन दिवस चुकले तरी चालावं. सुरुवातीला मागच्या भागाची उजळणी असते, महत्त्वाचं वाक्य तीन वेळा तीन जणांच्या तोंडी येतं, एकाच धक्क्यावर सगळ्यांचे चेहरे फिरून दाखवतात. ज्या घरात पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा असतात, लाइट जाते, अशा घरासाठी ती रचना आहे. पूर्वी सोमवारचा भाग चुकला की चुकला, मंगळवारी पाच मिनिटांत धागा सापडायचा. ‘पूर्ण मालिका’ लावली की चुकवायला हरकत नसलेलं सगळंही साठतं, आणि साठलंय म्हणून बघितलं जातं. आठवड्याला पाच-सहा भाग, अशा चार मालिका. सुट्टीच्या दिवशी दुपारभर ते ‘उरकणं’ चालू राहतं. बघणारा थकतो, पण सोडवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: जी मालिका खरंच मनापासून आवडते तिच्यापुरतंच ‘पूर्ण मालिका’ वापरा. बाकीच्यांचे आठवड्याचे शेवटचे दोन भाग आणि महाएपिसोड रेकॉर्ड करा. कथा कुठेही तुटत नाही, करून बघा.

८. जाहिराती पळवल्या तर खरंच किती वेळ वाचतो?

नियमानुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात: १० मिनिटं इतरांच्या आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. त्यात मालिकेचं शीर्षकगीत, मागच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक मिळवा. ओटीटीवर अर्ध्या तासाचा भाग साधारण २० ते २२ मिनिटांचा दिसतो, तो याच कारणाने. रोज चार मालिका बघणाऱ्या घरात अर्धा तास तरी सुटतो.

तो साधायचा तर अर्ध्या तासाचा भाग सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटं थांबा आणि मग सुरुवातीपासून लावा. रेकॉर्डिंग मागे चालू राहतं, तुम्ही जाहिराती ओलांडत शेवटपर्यंत येता आणि दोघं जवळपास एकत्रच संपता. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही. हे अनेकांना माहीतच नसतं.

आपोआप जाहिराती गाळणारं यंत्र का मिळत नाही, असंही विचारतात. अमेरिकेत ते झालं होतं. रिप्लेटीव्हीने तशी सोय दिली, तिच्यावर वाहिन्या आणि स्टुडिओंनी खटले भरले आणि बनवणारी कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१२ मध्ये तिथल्याच डिश नेटवर्क या कंपनीने पुन्हा तसा प्रयत्न केला, पुन्हा कोर्ट. जाहिरातीच्या पैशावर मालिका उभी असते, त्यामुळे गाळण्याचं बटण कोणीही सुखासुखी देणार नाही. पुढे पळवायचं बटण मात्र तुमच्या हातात आहे.

९. सासूबाईंना मालिका आवडतात, पण सात ते दहा त्यांचा वेळ स्वयंपाकघरात जातो. रेकॉर्डिंग त्यांना जमेल का?

जमेल, आणि या यंत्राचा सगळ्यांत मोठा फायदा त्यांनाच आहे.

मराठी मालिकांची मुख्य वेळ आणि पोळ्यांची वेळ एकच. वर्षानुवर्षं कितीतरी बायकांनी मालिका बघण्यापेक्षा ऐकल्याच आहेत. ओट्यापाशी उभं राहून संवाद कानावर घ्यायचे, संगीत चढलं की गॅस बारीक करून, पीठ लागलेले हात तसेच धरून दारापर्यंत यायचं, अर्धं मिनिट बघायचं आणि पोळी करपायच्या आत परत जायचं. “काय झालं गं, कोण आलं होतं?” हे विचारायचं जेवण वाढताना. ज्या कार्यक्रमाच्या वेळा ‘गृहिणींसाठी’ म्हणून ठरवल्या जातात, तो गृहिणीला बसून बघता येत नाही. रेकॉर्डिंगने दुपारी अडीचची, सगळं आवरल्यानंतरची वेळ तिला मिळते.

शिकवताना सगळा रिमोट शिकवू नका. तीन बटणं पुरतात: रेकॉर्डिंगची यादी उघडणारं, ओके, आणि मागे जाणारं. यादीच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवा, ओकेवर वेगळ्या रंगाची. पहिले काही दिवस शेजारी बसा, पण रिमोट त्यांच्याच हातात राहू द्या. “द्या, मी लावून देते” म्हणालात की त्या पुढच्या वेळी तुम्हालाच हाक मारतील, किंवा हाक मारायला नको म्हणून बघणंच सोडतील. काहीही दाबलं तरी बॉक्स बिघडत नाही, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. भीती असते ती तेवढीच.

आता एक गोष्ट घरातल्या बाकीच्यांसाठी. “तुझं रेकॉर्ड होतंय ना, मग तू दुपारी बघ” हे वाक्य अनेक घरांत रोज ऐकू येतं. सोय म्हणून आलेल्या यंत्राने त्या बाईचा संध्याकाळच्या टीव्हीवरचा हक्कच काढून घेतला, असं व्हायला नको. आठवड्यातले काही दिवस बातम्या आणि मॅच रेकॉर्डला लावा आणि रिमोट त्यांना द्या. ज्या दिवशी मालिकेत मोठं काही घडणार असेल, त्या दिवशी पोळ्या दुसऱ्या कोणी कराव्यात.

१०. रेकॉर्ड केलेलं बघायचं राहूनच जातं. यादी बघूनच दडपण येतं.

ही तक्रार व्हीसीआरच्या काळापासूनची आहे. तेव्हाही लोक दोन कारणांनी रेकॉर्ड करायचे: नंतर एकदा बघून पुसून टाकण्यासाठी, आणि जपून ठेवण्यासाठी. घोळ होतो तो या दोन गोष्टी एकाच यादीत राहिल्यामुळे. बघून पुसायच्या मालिकेखाली जपायची मैफल गाडली जाते.

जपायचं असेल ते लगेच ‘लॉक’ करा किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. उरलेल्यांपैकी दोन आठवड्यांत जे उघडलं नाही ते पुसा. पुसताना वाईट वाटलं तर त्याच क्षणी लावून बघा. पाच मिनिटांत कळतं की ते बघायचं होतं की नुसतं असू द्यायचं होतं. एखादा माहितीपट ‘कधीतरी शांतपणे बघू’ म्हणून ठेवला जातो आणि थकलेल्या संध्याकाळी हात विनोदी कार्यक्रमाकडेच जातो. त्यात काही चूक नाही. संध्याकाळ तशीच असते. माहितीपटासाठी रविवारची सकाळ ठेवा.

११. मुलगा जागा करायला माझे भाग पुसतो. यावरून रोज भांडण होतं.

लॉक करा (प्रश्न १०). तरी भागत नसेल तर जागा वाटून घ्या: एचडीवरचे सिनेमे तिप्पट जागा खातात (प्रश्न ४), ते साध्या वाहिनीवरून रेकॉर्ड करायला सांगा. आणि घरात नियम एकच: ज्याने लावलं त्यानेच पुसायचं.

१२. क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करून बघण्यात मजा येते का? निकाल कुठून तरी कळतोच.

मजा येते, पण तयारी लागते. फोनवरच्या स्कोअरच्या सूचना आणि कुटुंबाचा ग्रुप बंद ठेवावा लागतो. टीव्ही लावला की आधी थेट वाहिनी दिसते आणि तिथे कोपऱ्यात स्कोअर असतो, म्हणून शेवटची ठेवलेली वाहिनी स्वयंपाकाची किंवा भजनाची असू द्या. फटाक्यांवर आणि चाळीतल्या आरोळीवर उपाय नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मॅच लांबते, म्हणून पुढचा कार्यक्रमही लावा, नाहीतर शेवटचं षटक जातं. आणि रेकॉर्डिंग किती शिल्लक आहे ते दाखवणारी खालची पट्टी सतत बघू नका. वीस षटकांच्या सामन्यात पाठलाग चालू असताना पट्टी संपत आलेली दिसली की सामना लवकर आटोपला हे कळून जातं.

अर्थात भारत-पाकिस्तान सामना रेकॉर्ड करून बघू नये. तो थेटच बघायचा, शक्यतो दहा जणांत.

१३. सगळे आपापल्या वेळेला बघायला लागले. एकत्र बसून बघणं संपलं का?

संपलं नाही, पण आता ते आपोआप होत नाही. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरात आळी जमायची. वेळ एकच, वाहिनी एकच. एकत्र बसण्याशिवाय पर्यायच नव्हता.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तेच ‘रामायण’ सकाळी नऊला आणि रात्री नऊला पुन्हा दाखवलं गेलं. कथा सगळ्यांना पाठ, रेकॉर्डिंगची सोय अनेकांकडे, हातात मोबाइल. तरी घरंच्या घरं नऊ वाजता बसली. ठरलेल्या वेळेला सगळ्यांनी येऊन बसण्यात स्वतःची एक ओढ आहे.

रेकॉर्डिंग या ओढीच्या आड येतंच असं नाही. उलट चार जणांच्या चार वेळा सांभाळून ‘शनिवारी रात्री जेवणानंतर’ अशी एक बैठक त्यामुळेच जमवता येते. आठवड्यातली एक मालिका किंवा गाण्याचा कार्यक्रम सगळ्यांसाठी राखून ठेवा आणि तो एकट्याने आधी बघायचा नाही हे पाळा. जो आधी बघतो तो नंतर बसून पुढचं सांगत राहतो, आणि बैठक तिथेच मोडते.

१४. आम्ही उशिरा बघतो. मग आमच्या आवडत्या मालिकेचा टीआरपी कमी होतो का?

आपल्याकडे बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून टीव्ही बघण्याची मोजणी करते. तुमचं घर त्या निवडक घरांत नसेल तर तुम्ही वेळेवर बघितलं काय आणि उशिरा बघितलं काय, मोजणीत काहीच बदलत नाही. मनाला लावून घेऊ नका.

अमेरिकेत २००७ पासून जाहिरातीचे दर ठरवताना तीन दिवसांपर्यंत उशिरा बघितलेल्याही जाहिराती धरू लागले. जाहिरात पळवली असेल तर मात्र ती धरत नाहीत.

१५. घरी टीव्हीवरून रेकॉर्ड करणं कायद्यात बसतं का?

स्वतःच्या खासगी वापरासाठी, हो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या दृश्य वा ध्वनिमुद्रणाने प्रसारण हक्काचा भंग होत नाही. ५२ व्या कलमातही खासगी वापरासाठी रास्त उपयोगाची मोकळीक आहे.

अमेरिकेत यावर मोठी लढाई झाली. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा घरगुती व्हीसीआर आणला आणि युनिव्हर्सल व डिस्ने या स्टुडिओंनी कोर्टात धाव घेतली. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: थेट बघता आलं नाही म्हणून रेकॉर्ड करून नंतर बघणं हा रास्त वापर आहे. एक न्यायाधीश दुसऱ्या बाजूला झुकले असते तर घरगुती रेकॉर्डिंगचा पुढचा इतिहास फार वेगळा झाला असता.

मोकळीक मात्र घरापुरती आहे. भाग टेलिग्रामवर टाकणं, कॉपी विकणं, गणपतीत मंडळाच्या पडद्यावर सिनेमा लावणं, यातलं काहीही खासगी वापरात येत नाही.

१६. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर का चालत नाही? रिचार्ज संपला तर काय होतं?

रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली तुमच्याच बॉक्सकडे असते. डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर फाइल दिसेल, चालणार नाही. शेजारच्या, अगदी त्याच कंपनीच्या बॉक्सवरही सहसा चालत नाही. रिचार्ज संपला की बऱ्याच बॉक्सवर जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही, परत भरल्यावर उघडतं.

खरा धोका बॉक्स बदलताना असतो. बिघाड झाला, तंत्रज्ञ नवा बॉक्स देऊन जुना घेऊन गेला, की वर्षानुवर्षं साठवलेलं त्याच्याबरोबर जातं. कुलूप तोडण्याच्या वाटेला जाऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आलं आहे आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. बॉक्सवरच्या रेकॉर्डिंगला कायमचा साठा समजू नका एवढंच. कायम ठेवायचं असेल तर प्रश्न १८ पाहा.

१७. माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेट आहेत. टाकून द्याव्या का?

आधी बघा त्यावर काय आहे. विकतच्या सिनेमाची कॅसेट असेल तर टाकायला हरकत नाही. पण पेनाने ‘टीव्ही, नाटक, १९९१’ असं काहीतरी लिहिलेली घरची कॅसेट जपा. त्या काळी दूरदर्शनवर झालेलं सगळंच जतन झालेलं नाही, कारण फिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. ब्रिटनमध्येही असंच झालं. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले अनेक भाग नष्ट झाले, पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी १९७९ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या अहोरात्र रेकॉर्ड केल्या. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेट आता इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहाकडे आहेत.

आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका. फीत वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. ती स्वच्छ करून देणाऱ्याकडे द्या. उशीर करू नका, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत चाललेत.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. तुमच्या घरच्यांनी भारतातून पाठवलेल्या नाटकांच्या, लग्नांच्या कॅसेट पाल पद्धतीच्या आहेत आणि तिथली यंत्रं एनटीएससी पद्धतीची; टीव्ही सिग्नलच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. तिथल्या साध्या व्हीसीआरवर ती लावली की चित्र गोल गोल घरंगळतं किंवा काळं-पांढरं दिसतं, आणि लोक समजतात कॅसेट गेली. ती गेलेली नसते. डिजिटल करून देणाऱ्याला ‘पाल आहे’ असं आधी सांगा, किंवा पुढच्या खेपेला भारतात आणून इथेच करून घ्या.

१८. माझी नात एका वाहिनीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमात आली होती. तेवढा भाग कायमचा जपायचा आहे. कसा?

पहिलं म्हणजे बॉक्सवर तो आजच लॉक करा. मग वाहिनीला किंवा कार्यक्रमाच्या निर्मिती संस्थेला लिहा: तारीख, वेळ, भाग क्रमांक आणि मुलीचं नाव देऊन प्रत मागा. सहभागी मुलांच्या पालकांना प्रत देण्यात पुष्कळदा अडचण नसते, पण मागावी लागते आणि पाठपुरावा करावा लागतो. भाग वाहिनीच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर अधिकृत आला असेल तर तिथली लिंक कुटुंबात पाठवा, मात्र तेवढ्यावर विसंबू नका.

प्रत मिळेपर्यंत हाताशी काहीतरी असावं म्हणून टीव्हीसमोर फोन स्टँडवर ठेवून चित्रण करून घ्या. खोलीत अंधार, पंखा बंद, फोन टीव्हीच्या बरोबर मध्यापुढे आणि पडद्याच्या उंचीला. आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून मध्यम ठेवा, मोठा केला की फोनवर फाटतो. घरातल्या वापरासाठी यात काही गैर नाही (प्रश्न १५), फक्त पूर्ण भाग स्वतःच्या चॅनलवर चढवू नका. ती फाइल फोनवर आणि एका वेगळ्या डिस्कवर अशा दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावात नातीचं नाव, गाणं आणि वर्ष लिहा.